वाड्यातल्या कढीपत्त्याचं पिल्लू आठव्या मजल्यावर पिवळं पडतंय

गच्चीतली_जुई (१२ जानेवारी, सकाळी ११.२०)

नमस्कार. इतकी वर्षं इथे फक्त वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या परसात, मोरीच्या भिंतीला लागून कढीपत्त्याचं झाड होतं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ते होतं म्हणायच्या. भांड्यांचं पाणी पिऊन वरच्या सज्जापर्यंत पोचलेलं. सगळ्या बिऱ्हाडांच्या फोडण्या त्याच्या जिवावर. आमच्याकडे कुणी मंडईतून कढीपत्ता आणल्याचं मला आठवत नाही. मागच्या जूनमध्ये वाडा पाडायच्या आधी सासूबाईंनी बुडाशी आलेलं वीतभर पिल्लू मुळासकट काढून माझ्या हातात दिलं. ऑगस्टमध्ये त्या गेल्या. झाड तर त्याआधीच गेलं होतं.

ते पिल्लू आता सिंहगड रस्त्यावर आठव्या मजल्यावर, पूर्वेच्या बाल्कनीत १२ इंची कुंडीत आहे. दीड फूट उंच, काठीसारखं सरळसोट, एक फांदी नाही. मी आजवर त्याचं पानही तोडलेलं नाही. डिसेंबरपासून खालची पानं पिवळी होऊन गळतायत. शेंड्याकडची नवी पानं फिकट पिवळी आहेत, पण शिरा हिरव्या. पाणी रोज घालते. सोसायटीत बरंचसं पाणी बोअरचं. माती नर्सरीतली लाल माती, थोडं शेणखत.

काय चुकतंय? हे झाड हातचं जाऊ द्यायचं नाहीये मला.

बांधावरचा (१२ जानेवारी, दुपारी १.४५)

ताई, आधी घाबरायचं थांबवा. तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र सांगितलीत.

खालची जुनी पानं गळतायत ती थंडीमुळे. कढीपत्ता मुळात उबेतलं झाड. पुण्याचं रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास आलं की त्याची वाढ थांबते, जुनी पानं झडतात. आमच्या पुरंदरच्या बांधावरची झाडं जानेवारीत अशी उदास दिसतात की नवा माणूस म्हणेल मेली. फेब्रुवारी सरता सरता प्रत्येक डोळ्यातून तांबूस कोंब येतो.

पण झाड झोपलेलं असताना रोज पाणी घालाल तर मुळं कुजतील, आणि मग खरंच जाईल. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. आत्ता चार-पाच दिवसांनी एकदा पुरे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचत असेल तर ती ताटली आजच काढा.

मृद्गंध_३७ (१२ जानेवारी, रात्री ९.१०)

दुसऱ्या दुखण्याबद्दल मी लिहितो. माती-पाण्याचं काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पान पिवळं पण शिरा हिरव्या, आणि तेही नव्या पानांत, ही लोहाच्या कमतरतेची खूण. नत्र कमी असतं तेव्हा उलट होतं: आधी जुनी पानं सरसकट फिकी पडतात. झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की चटका नव्या पालवीला बसतो.

आता गंमत अशी की लाल मातीत लोह भरपूर असतं, तिचा रंगच लोहाचा. मग कमी कुठे पडतं? पाण्यात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि चुना बराच असतो. ते सतत घातलं की माती हळूहळू अल्कधर्मी होते आणि असलेलं लोह मुळांना उचलता येईना होतं. कुंडीच्या काठावर पांढरट थर बसलाय का बघा. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला, बेल आणि कवठही त्याच घरचे, आणि या सगळ्या कुळाला हा त्रास लवकर होतो. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याच्या बागा अशाच पिवळ्या पडतात.

उपाय: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. दोन आठवड्यांनी परत. ऊन असताना फवारू नका, पानं करपतात. हिराकशीचे डाग फरशीवरून निघत नाहीत, खाली गोणपाट टाका. कायमचा उपाय मात्र पाणी बदलणं. महापालिकेच्या नळाचं किंवा पावसाचं पाणी साठवून फक्त या कुंडीला घाला.

कावेरीकाठची (१३ जानेवारी, सकाळी ७.३०)

मी मूळची बेळगावची, लग्नानंतर कोथरूडला. आमच्या आजीकडे कढीपत्त्याला आंबट ताक घालायची पद्धत. तीन दिवसांचं, आंबून वास मारायला लागलेलं, बिनमिठाचं. एक वाटी ताकाला पाच वाट्या पाणी, पंधरा दिवसांतून एकदा. पानं काळीभोर हिरवी व्हायची.

@मृद्गंध, यामागे काही तथ्य आहे का?

मृद्गंध_३७ (१३ जानेवारी, सकाळी ८.१५)

आहे. ताकातलं आम्ल मुळांभोवती तेवढ्यापुरतं चुन्याला मारतं. पण जास्त घातलं की वर पांढरी बुरशी धरते आणि मुंग्या लागतात. आणि थंडीत नको, आत्ता माती सुकायलाच वेळ लागतो. मार्चपासून चालेल.

कावेरीकाठची (१३ जानेवारी, सकाळी ८.४०)

धन्यवाद. आणि जुईताई, तुम्ही "एक पानही तोडलेलं नाही" असं लिहिलंत ते वाचून मला राहवेना. तुमचं झाड काठीसारखं झालंय ते त्यामुळेच. कढीपत्ता तोडल्याशिवाय भरत नाही. वाड्यातलं झाड इतकं दाट होतं, कारण सगळी बिऱ्हाडं रोज त्याला ओरबाडत होती.

गच्चीतली_जुई (१३ जानेवारी, रात्री १०.०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. पांढरा थर आहे. ताटली काढली. नवरा उद्या हिराकस आणतोय.

कावेरीताई, तुमचं म्हणणं पटतंय, पण हात होत नाही. कात्री घेऊन गेले आणि परत आले. एवढंसं तर आहे. त्यांनी दिलेली ही एकच वस्तू आहे जी अजून वाढते आहे.

बांधावरचा (१३ जानेवारी, रात्री १०.५०)

आत्ता कापूच नका, बरोबर केलंत. थंडीत कापलं तर फूट येणार नाही. महाशिवरात्र होऊ द्या.

पण तेव्हा मात्र कापायचं. शेंडा जोवर आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, झाडाचा सगळा जोर वर धावतो. शेंडा खुडला की खालचे दोन-तीन डोळे जागे होतात. एका काठीच्या तीन काठ्या. त्या तिन्ही हातभर झाल्या की त्यांचेही शेंडे मोडायचे. दोन वर्षांत झुडूप. कुंडीतल्या झाडाला एवढंच शास्त्र.

आणि काढताना सुटी पानं ओरबाडू नका. देठासकट अख्खी डहाळी काढा, जिथे पान फांदीला मिळतं तिथून. सुटी पानं काढली की नुसता दांडा उरतो, त्यातून काही फुटत नाही. तो वाळतो आणि गळतो.

नवखा_बावधन (१४ जानेवारी, दुपारी १२.३०)

धाग्यात घुसतोय, माफ करा. मला पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. मागच्या वर्षी नर्सरीतून रोप आणलं ते महिन्यात गेलं. बी लावावं की फांदी? आणि रोप कुठून घ्यावं?

मृद्गंध_३७ (१४ जानेवारी, दुपारी २.००)

फांदी लावण्याच्या भानगडीत पडू नका, क्वचितच मुळं धरते. बी ताजं मिळालं तर उत्तम. उन्हाळ्यात पांढरे फुलोरे येतात, पावसाळ्यात फळं पिकतात: आधी हिरवी, मग लालसर, मग जांभळी-काळी. काळं झालेलं फळ हातानं चोळून गर काढायचा आणि लगेच लावायचं. वाळवून डबीत ठेवलेलं बी मरतं. पाकिटातल्या बियांवर पैसे घालवू नका ते याचसाठी. ताजं बी दोन-चार आठवड्यांत उगवतं. फळं बुलबुलांची फार आवडती, त्यामुळे झाडाच्या आसपास, दुसऱ्यांच्या कुंड्यांत, पन्हाळीखाली आपोआप उगवलेली रोपं सापडतात. तीच उचलून लावणं सगळ्यात सोपं.

नर्सरीचं रोप एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बघा, तिथे नर्सरीवाले येतात. नाहीतर सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला जा. उंच रोपाला भुलू नका, बुटकं, दोन-तीन फांद्यांचं घ्या. पिशवीत बरेचदा चार-पाच रोपं एकत्र असतात. ती दाट दिसतात पण एकमेकांचं खाणं खातात. आणि घरी आणल्यावर मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा पाण्यात भिजवून थोडा सैल करा. तो गोळा सुकला की विटेसारखा घट्ट होतो, वरून घातलेलं पाणी कडेनं निघून जातं आणि मधली मुळं तहानलेलीच राहतात. तुमचं मागचं रोप बहुधा त्यानंच गेलं.

माती एक भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळा मिळून एक भाग. कुंडी आधी १० इंची, मग मोठी. ऊन पाच तास तरी हवं.

वर्ध्याची_लेक (१४ जानेवारी, दुपारी ४.२०)

तुम्ही सगळे कढीपत्ता म्हणता, आमच्याकडे गोडलिंब. पुण्यात आल्यावर भाजीवाल्या मावशींना "गोडलिंब द्या" म्हटलं तर त्यांनी लिंबं काढून दिली होती.

कावेरीकाठची (१४ जानेवारी, संध्याकाळी ५.००)

आमच्याकडे कन्नडात करिबेवू. बेवू म्हणजे कडुलिंब आणि करि म्हणजे काळा. तामिळमध्येही करिवेप्पिलै, त्यातलं वेप्पिलै म्हणजे कडुलिंबाचं पान. म्हणजे दक्षिणेला तो काळा लिंब, विदर्भात गोड लिंब आणि पुण्यातल्या जुन्या बायकांच्या तोंडी कढीलिंब. सगळ्यांना तो कडुलिंबाचा भाऊ वाटला, पानांच्या ठेवणीवरून. मला "कढीलिंब" हाच शब्द सगळ्यात आवडतो.

गच्चीतली_जुई (१४ जानेवारी, रात्री ९.३०)

सासूबाई कढीलिंबच म्हणायच्या.

लेक_परदेशी (१६ जानेवारी, सकाळी ६.५०)

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. पहिल्या वेळी मी कौतुकानं ताजा कढीपत्ता वर्तमानपत्रात गुंडाळून नेला आणि विमानतळावर तो काढून घेतला. लिंबूवर्गीय झाडांवरची सिला नावाची बारीक कीड यावरून जाते आणि तिच्यामुळे संत्र्याच्या बागांना घातक रोग होतो, म्हणून तिकडे ताज्या पानांना बंदी आहे. माझी तेव्हा फार चिडचिड झाली होती, पण कारण कळल्यावर पटलं. आता मी इथून चटणी करून नेते.

बांधावरचा (१६ जानेवारी, दुपारी १.१५)

तीच सिला आमच्याकडे कोवळ्या फुटीवर बसते. फूट वेडीवाकडी होते, पानं आकसतात. आणि मंडईत जुडी दिसायला तजेलदार नसेल तर कुणी घेत नाही, म्हणून लावणारे फवारे मारतात. हे मी शेतकरी असून सांगतोय. युरोपीय संघानं भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्याला कीडनाशकांची जादा तपासणी लावली होती ती काही उगाच नाही. विकतचा घेतलात तर चिंचेच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग दोन-तीन पाण्यांतून काढा. आणि शक्य असेल तर घरी एक कुंडी ठेवा. सध्याच्या काळात कढीपत्ता घरी लावायचं याहून मोठं कारण मला दिसत नाही.

घरच्या झाडावर कीड आली तर जोराच्या पाण्यानं धुवा, मग कडुलिंबाचं तेल ५ मिली, साबणाचे काही थेंब, १ लिटर पाणी. पानांवर काजळी दिसली आणि मुंग्यांची रांग असली तर समजा की खवले किडे किंवा पिठ्या ढेकूण आलेत, मुंग्या त्यांचा चिकटा चाटायला येतात. फवारल्यावर आठवडाभर पानं खाऊ नका.

चतुर_आणि_भिंगरी (१६ जानेवारी, रात्री ८.४०)

एक विनंती. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर पुसून टाकायच्या आधी नीट बघा. ती फुलपाखराची अळी असते. लहानपणी शिटेसारखी काळी-पांढरी, मोठी झाली की हिरवीगार. हात लावला की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबावरचं काळं-पिवळसर फुलपाखरू आणि त्याचे भाऊबंद कढीपत्त्यावर अंडी घालतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ मध्ये घोषित झालेलं, तेही याच लिंबूकुळावर वाढतं.

एका अळीनं दहा-बारा पानं खाल्ली म्हणून झाड मरत नाही. माझ्याकडे दोन कुंड्या आहेत, एक आमची आणि एक त्यांची. आमच्या कुंडीत सापडलेली अळी फांदीसकट तिकडे नेऊन ठेवते. नातवानं मागच्या पावसाळ्यात कोशातून फुलपाखरू निघताना पाहिलं, तो दिवस आमच्या घरात कुणी विसरणार नाही.

जुईताई, तुमचं रोप लहान आहे, त्यामुळे तुम्ही मात्र अळ्या दुसरीकडे हलवा. दीड फुटी झाड त्या दोन दिवसांत उघडं करतात.

अंगतपंगत (१८ जानेवारी, सकाळी १०.००)

झाडाचं झालं, आता स्वयंपाकाचं बोलू का?

कढीपत्त्याचं पान उन्हाकडे धरून बघा. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. सगळा वास त्यात. तो तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून आमटी उकळताना वरून पानं टाकली तर ती नुसती तरंगतात आणि जेवणारा ती ताटाच्या कडेला काढतो. फोडणीत तडतडली तरच वास सगळ्या पातेल्यात जातो.

माझा क्रम: तेल तापलं की मोहरी, ती पूर्ण तडतडली की जिरं, हिंग, मग कढीपत्ता, आणि हळद सगळ्यात शेवटी. पानं धुतल्यावर फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर तेल अंगावर उडतं. टाकायच्या आधी पानं हातानं एकदा मोडा. कात्रीनं चिरण्यापेक्षा हातानं मोडलेल्याला वास जास्त येतो, हा माझा ठाम अनुभव आहे.

दिवाळीच्या पातळ पोह्यांच्या चिवड्याला पानं आदल्या दिवशी धुवून सावलीत पसरून ठेवते. तेलात काचेसारखी कुरकुरीत व्हायला हवीत, मोडली की आवाज यायला हवा. जराही ओल राहिली तर चार दिवसांत चिवडा मऊ पडतो.

लेक_परदेशी (१८ जानेवारी, सकाळी ११.३०)

मी नेते ती चटणी देते. दोन वाट्या दाबून भरलेली पानं, धुवून पूर्ण कोरडी केलेली. चमचाभर तेलावर मंद आचेवर पंधरा मिनिटं, चुरचुरीत होईपर्यंत. गॅस मोठा केला तर काळी आणि कडू होते, इथे धीर हवा. मग अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, पाव वाटी तीळ, मूठभर दाणे, सहा सुक्या मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं. चिंचेचं एक बुटुक तव्यावर गरम करून. मीठ, चिमूटभर गूळ. लसूण हवा तर घाला, मी टिकवायचं असतं म्हणून घालत नाही. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला फिरवा, भरडच ठेवा. महिनाभर राहते. गरम भात, तूप आणि ही चटणी.

वर्ध्याची_लेक (१८ जानेवारी, दुपारी १२.१०)

उपासाच्या साबुदाणा खिचडीत तुमच्याकडे कढीपत्ता चालतो?

अंगतपंगत (१८ जानेवारी, दुपारी १२.४०)

आमच्याकडे नाही. जिरं, मिरची, बस. कोथिंबिरीवरूनच घराघरांत दोन मतं आहेत.

गच्चीतली_जुई (२ मार्च, सकाळी ८.००)

सांगायला आले. हिराकशीचे दोन फवारे झाले. नळाचं पाणी बादलीत साठवून तेवढंच घालते. आणि परवा बांधावरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे शेंडा कापला. नवरा शेजारी उभा होता. कापल्यावर हाताला जो वास आला तो थेट मोरीच्या भिंतीपाशी घेऊन गेला. मी दुपारपर्यंत हात धुतले नाहीत.

कापलेल्या शेंड्याची सहा पानं होती. ती त्या दिवशीच्या कढीत घातली.

कावेरीकाठची (२ मार्च, सकाळी ८.२५)

फार बरं केलंत. आता ताक सुरू करा.

गच्चीतली_जुई (१९ जून, संध्याकाळी ६.३०)

तीन फांद्या आल्या. पानं गडद हिरवी, पिवळेपणा गेला. मे महिन्यात शिटेसारखी एक अळी सापडली होती, ती पानासकट खालच्या बागेतल्या लिंबोणीच्या झाडावर नेऊन ठेवली. आता आठवड्यातून एकदा दोन डहाळ्या काढते, आमटीला आणि पोह्यांना.

एक नवा प्रश्न आहे. वाड्यातली मंडळी आता पांगली आहेत. कुणी वारज्याला, कुणी धायरीला. त्यांना फोटो पाठवला तर चार घरांतून एकच निरोप आला: आम्हालाही त्याच झाडाचं रोप दे. शेंड्याला कळ्या दिसतायत. फळं धरू द्यावीत का?

बांधावरचा (१९ जून, रात्री ८.००)

यंदा नको. कळ्या खुडा. लहान झाड फळं पोसायला लागलं की पानं देत नाही. पुढच्या वर्षी एका फांदीवर धरू द्या. तोवर बुडाशी पिल्लू आलंच तर पावसाळ्यात त्याची स्वतःची मुळं बघून वेगळं करा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा.

पेठेतली (२० जून, सकाळी ७.१५)

हा धागा आज वाचला. जुईताई, वाडा आमच्याच गल्लीतला असावा असं वर्णनावरून वाटतंय, मोरीमागे दगडी हौद होता तोच ना? आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, पन्हाळीखाली कढीपत्त्याची पाच रोपं आपोआप उगवलेली आहेत, वीत-दीड वीत उंच. तुमच्याच झाडाची असं खात्रीनं सांगता येणार नाही, पण गल्लीत दुसरं झाड मी कधी पाहिलेलं नाही आणि बुलबुलांची जोडी दर पावसाळ्यात त्या पन्हाळीवर बसायची. निरोपातून पत्ता पाठवते. या आठवड्यात पाऊस लागायच्या आत खणून न्या, मी संध्याकाळी सहानंतर घरी असते. चार बिऱ्हाडांना चार पुरतील, पाचवं मी ठेवते.